जुनी मॅन्युअल गिअरची छोटी एसयूव्ही घेताना : क्लच आणि कागद कसे तपासावेत

दोन वर्षांपूर्वी मी पुण्यात माझी पहिली गाडी घेतली. ती चार मीटरच्या आतली, पाच गिअरची, पेट्रोलवर चालणारी जुनी एसयूव्ही होती. ती घेण्याआधी मी अकरा गाड्या पाहिल्या, एका गाडीसाठी दिलेला इसार गमावला, आणि अखेर जी घरी आणली तिची क्लचप्लेट चौथ्या महिन्यातच बदलावी लागली. त्या काळात मी रंगाची चमक, सीट कव्हर आणि टचस्क्रीन पाहत होतो. पुढे ज्या दोन गोष्टी महागात पडल्या त्यांतली एक डाव्या पायाखाली होती आणि दुसरी आरसीवरच्या एका ओळीत.

ऑटोमॅटिक गाडीत गिअर कधी बदलायचा हे यंत्रणा ठरवते. मॅन्युअल गाडीत ते माणूस ठरवतो, आणि त्याच्या चांगल्या-वाईट सवयी क्लचमध्ये आणि गिअरबॉक्समध्ये उतरतात. त्यामुळे अशी जुनी गाडी घेताना आधीचा चालक कसा होता हे ओळखता येणे फार उपयोगाचे ठरते. पुढच्या पायऱ्या त्याच दृष्टीने लिहिल्या आहेत आणि त्या महाराष्ट्रात पासिंग करणाऱ्या खरेदीदारासाठी आहेत.

१. वापर आणि इंधन आधी ठरवा

आपल्याकडे ‘छोटी एसयूव्ही’ म्हणजे चार मीटरपेक्षा कमी लांबीची गाडी. ही लांबी करांच्या नियमातून आली आहे. चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तरच गाडी कमी कराच्या गटात बसते. बहुतेक कंपन्यांनी याच चौकटीत इंजिने बसवल्यामुळे पेट्रोलमध्ये तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन वारंवार दिसते. अशा इंजिनाला जागेवर थोडी थरथर असते आणि ती प्रत्येक वेळी बिघाडाची खूण नसते. तुम्ही आजवर चार सिलिंडरचीच गाडी चालवली असेल, तर त्याच मॉडेलच्या दोन वेगवेगळ्या गाड्या चालवून पाहा, म्हणजे नेहमीची थरथर कोणती आणि सैल झालेल्या इंजिन माउंटिंगची कोणती, हा फरक कळेल.

डिझेलचा विचार करताना १ एप्रिल २०२० ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवसापासून बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांना धुरातील काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आला. हा फिल्टर स्वतःला साफ करण्यासाठी काही काळ सलग, तापलेले चालणे मागतो. रोज चार-पाच किलोमीटर गर्दीत फिरणाऱ्या माणसाची डीपीएफवाली डिझेल गाडी स्वस्तात मिळत असेल, तर ती स्वस्त का आहे हे बहुधा तिच्या फिल्टरमध्येच सापडते. महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या वर महामार्गावर धावणे होत नसेल, तर माझ्या मते पेट्रोलच घ्यावे.

बाहेरून सीएनजी किट बसवलेली गाडी असेल, तर ते किट आरसीवर चढवलेले आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची चाचणी, झाली आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. मॉडेल निवडा आणि ‘मॅन्युअल’ म्हणजे नेमके काय ते विचारा

जुन्या बाजारात या गटातील बऱ्याच गाड्या उपलब्ध आहेत. विटारा ब्रेझा मार्च २०१६ मध्ये आली ती फक्त १.३ लिटर डिझेलमध्ये; फेब्रुवारी २०२० पासून तिला १४६२ सीसीचे पेट्रोल इंजिन मिळाले. ही दोन्ही इंजिने पाच गिअरच्या बॉक्ससह आली. नेक्सॉन सप्टेंबर २०१७ मध्ये पेट्रोल आणि डिझेल अशा दोन्ही रूपांत सहा गिअरसह आली. एक्सयूव्ही ३०० ही फेब्रुवारी २०१९ ची, तिलाही सहा गिअर. मे २०१९ मध्ये आलेल्या व्हेन्यूच्या १.२ लिटर पेट्रोलला पाच आणि १ लिटर टर्बोला सहा गिअर होते. सप्टेंबर २०२० मध्ये सॉनेट आली. इकोस्पोर्ट २०१३ पासून विकली गेली, परंतु फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. ती चालवायला सुरेख गाडी आहे. तरीही तुमच्या गावाजवळ तिचे काम जाणणारे गॅरेज असेल तरच ती घ्यावी.

येथे नवख्या माणसाची एक हमखास फसगत होते. व्हेन्यू आणि सॉनेटच्या टर्बो पेट्रोल गाड्यांत २०२० पासून आयएमटी नावाचा प्रकार मिळू लागला. त्यात गिअरचा दांडा असतो, गिअर हातानेच टाकायचा असतो, पण क्लचचे पेडल नसते. जाहिरातींत या गाड्या सर्रास ‘मॅन्युअल’ म्हणून लिहिलेल्या आढळतात. उलट एएमटी गाडी ‘ऑटोमॅटिक’ म्हणून विकली जाते, मात्र तिच्या आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि क्लचप्लेटच असते. ती चालवणारा पाय तेवढा यांत्रिक असतो. तुम्हाला तीन पेडलची गाडी हवी असेल, तर जाण्याआधी फोनवर पेडलचा फोटो मागवा. माझा एक रविवार आणि पुणे-नाशिक असा येण्याजाण्याचा डिझेलखर्च या एका फोटोअभावी वाया गेला.

३. गाडी पाहायला निघण्याआधी नंबर तपासा

विक्रेत्याकडून नोंदणी क्रमांक घ्या. तो देण्यास टाळाटाळ झाली, तर त्या गाडीचा विषय तेथेच सोडून द्या. क्रमांक हाती आल्यावर परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन अ‍ॅपवर पुढील बाबी मिळतात: नोंदणीची तारीख, इंधन, मालकाचा अनुक्रमांक, विम्याची आणि पीयूसीची मुदत, आणि गाडीवर कोणाचे कर्ज आहे का. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर थकलेला दंड पाहता येतो, त्यासाठी चॅसी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक लागतात. ते अंक विक्रेत्याकडून मागून घ्या.

माझा इसार गेला तो याच टप्प्यावरच्या घाईमुळे. एका डीलरकडे उभी असलेली लाल गाडी मला आवडली, ‘आणखी दोन गिऱ्हाइके आहेत’ असे सांगण्यात आले, आणि मी मोबाइलवरून वीस हजार रुपये पाठवून मोकळा झालो. रात्री घरी येऊन पाहिले, तर आरसीवर बँकेचा बोजा होता आणि मालक तिसरा होता, जो मला दुसरा म्हणून सांगितला गेला होता. पावतीवर ‘बुकिंग रद्द केल्यास रक्कम परत मिळणार नाही’ एवढी एकच ओळ होती. त्यानंतर मी कोणालाही रुपयासुद्धा दिला तो आरसी, बोजा आणि दंड पाहूनच.

याशिवाय काही क्रमांकांकडे पाहून अधिक प्रश्न विचारावेत. क्रमांकाची सुरुवात डीएल, एचआर किंवा डीडी अशी असेल, म्हणजे गाडी दिल्ली, हरियाणा किंवा दमणची असेल, तर तिला महाराष्ट्राचा क्रमांक घेताना येथील एकरकमी कर वयानुसार कमी होऊन पुन्हा भरावा लागतो, आणि मूळ राज्याकडून ना-हरकत प्रमाणपत्र आणावे लागते. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या डिझेल गाड्या विलक्षण कमी भावात इकडे येतात. भावात वाचलेले पैसे करात आणि एजंटांत जातात का, याचा हिशेब आधी करा. बीएच मालिकेच्या, म्हणजे देशभर चालणाऱ्या नोंदणीच्या, गाडीचा कर साधारणपणे दोन-दोन वर्षांचा भरलेला असतो, आणि तुम्ही त्या मालिकेस पात्र नसाल तर साध्या नोंदणीत येऊन उरलेला कर तुम्हालाच भरावा लागतो. पूर्वी टॅक्सी म्हणून नोंदलेली आणि नंतर खासगी केलेली गाडी पांढऱ्या पाटीमुळे ओळखू येत नाही, म्हणून तिचा नोंदणी इतिहास विचारा.

४. गाडी थंड असताना पाहा

भेट सकाळची ठरवा आणि इंजिन आधी सुरू करू नका असे विक्रेत्याला बजावून ठेवा. तरीही पोहोचताच बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर तुम्ही येण्याआधी गाडीला ‘तयार’ केले आहे असे समजा. थंड इंजिनाची घरघर, सुरू होतानाचा धूर आणि थंड गिअरबॉक्सचा अडखळा हे सगळे दहा मिनिटांत लपते.

सोबत एक टॉर्च, जुने पांढरे फडके, फ्रिजवर लावतात तसले लोहचुंबक आणि मोबाइलला जोडता येणारा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातील बिघाडाचे कोड वाचणारे छोटे यंत्र, न्या. स्कॅनर साधा असला तरी चालतो. तो लावल्यावर एकही कोड नाही आणि सगळ्या तपासण्या ‘अपूर्ण’ दिसतात असे असेल, तर कोणीतरी नुकतेच कोड पुसले आहेत. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर दिवा काढून ठेवला असण्याची शक्यता धरा.

अपघात ओळखण्यासाठी रंगापेक्षा बोल्ट पाहावेत. बॉनेटच्या बिजागरांवरील आणि फेंडरच्या बोल्टवरील रंग खरवडलेला असेल, तर तो भाग एकदा तरी उतरवला गेला आहे. डिकीतील स्टेपनी बाहेर काढून खालचा पत्रा पाहा. मागून ठोकर बसलेल्या गाडीत तेथे लाटा, नवे वेल्डिंग किंवा फासलेले सीलंट दिसते. लोहचुंबक जेथे चिकटत नाही तेथे पुटी भरलेली असते. बंपर प्लास्टिकचा असल्याने त्याला ही कसोटी लागू नाही, हे मी एका विक्रेत्याशी हुज्जत घालून झाल्यावर शिकलो.

पुरात बुडालेल्या गाड्यांबाबत विशेष सावध राहा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला अनेक गाड्या पाण्यात गेल्या. बाहेरून धुऊन घेतलेली गाडी वर्षभर नीट चालते, मग वायरिंगचे कनेक्टर गंजू लागतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आत गुंडाळलेल्या भागावर गाळाचा डाग राहिलेला असतो. सीटखालच्या रुळांवर गंज, कार्पेटच्या खाली माती, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आणि एसी लावताच येणारा कुबट वास, यांपैकी दोन खुणा एकत्र आढळल्या तर गाडी सोडा, भाव कितीही उतरवून मिळत असला तरी.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. तो बदलणे अवघड नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी मागा आणि तारखांनुसार आकडा चढत गेला आहे का ते पाहा. टायरच्या कडेवरील चार अंकी संख्येत पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात, म्हणजे ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. अठरा हजार किलोमीटर सांगितलेल्या गाडीचे चारही टायर बदललेले असतील, तर त्या आकड्याला अर्थ नाही.

५. क्लच आणि गिअरबॉक्स

या भागाला अर्धा तास द्या, कारण क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि खर्चात सुट्या भागांइतकीच मजुरीही असते. माझ्या गाडीला प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग मिळून चौदा हजार रुपये गेले. ज्या डिझेल गाड्यांत दुहेरी वजनाचे फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के शोषणारे, दोन भागांचे जड चाक) असते त्यांत तेही गेले, तर रक्कम याच्या कितीतरी पट होते.

सर्वांत आधी पेडल पाहा. क्लचच्या पेडलवरील रबर गुळगुळीत झाले आहे आणि ब्रेकचे अजून कोरे आहे, अशी गाडी अर्ध्या क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून ठेवून, चालवली गेली आहे. डाव्या पायाच्या विश्रांतीच्या जागेवरची मॅट नव्यासारखी असेल, तर तो पाय तेथे कधी टेकलाच नाही. तो पेडलवरच असायचा. क्लच हायड्रॉलिक असेल, तर पेडलच्या वर टॉर्च मारून ओल दिसते का पाहा आणि द्रवाची पातळी तपासा. पुष्कळ गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच डबीतून द्रव घेतात. दाबलेले पेडल सावकाश वर येत असेल, किंवा दोन-तीनदा दाबल्यावरच गिअर पडत असेल, तर सिलिंडर गळतो आहे.

आता इंजिन सुरू करा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि खिडकी उघडून ऐका. पेडल वर असताना घरघर येते आणि दाबताच थांबते, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग झिजले आहे. उलट पेडल दाबल्यावर आवाज सुरू होतो, तर दोष रिलीज बेअरिंगचा असतो. दुसरा दोष क्लचच्या कामातच सुटतो. पहिल्यासाठी गिअरबॉक्स उघडावा लागतो. एवढा एक फरक समजला तरी भाव करताना तुमच्या बोलण्याला वजन येते.

पहिल्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता, क्लच अगदी हळू सोडा. पेडल जेमतेम उचलल्यावर गाडी पुढे सरकली तर चांगले. पेडल जवळजवळ सगळे वर आल्यावरच पकड येत असेल, तर प्लेट झिजत आली आहे. सुटताना गाडी थरथरली, तर प्लेटवर तेल उतरले आहे किंवा ती जळून कडक झाली आहे. यानंतर सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच सोडा. इंजिन झटकन बंद पडले पाहिजे. ते सुरूच राहिले तर क्लच घसरतो आहे. ही चाचणी एकदाच करा, कारण गाडी अजून दुसऱ्याची आहे. रस्त्यावर याचाच दुसरा पुरावा मिळतो: चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर इंजिनचे फेरे उडी मारून वर जातात आणि वेग मागे रेंगाळतो, असे झाले तर मेकॅनिकला विचारण्याचीही गरज नाही.

गिअरबॉक्सची परीक्षा थंड असतानाच घ्यावी. ताशी तीसच्या आसपास तिसऱ्यातून दुसऱ्यात या. तेथे कचकन आवाज आला किंवा दांडा अडला, तर दुसऱ्या गिअरचा सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारा भाग, गेला आहे. घाईने गिअर उतरवणाऱ्या चालकाची ही ठरलेली खूण आहे. रिव्हर्स टाकताना मात्र एकदा आवाज आला म्हणून घाबरू नका. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो. क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबल्यावरही आवाज येत राहिला, तर क्लच पूर्ण सुटत नाही असा अर्थ होतो. उतारावर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडून द्या. दांडा आपोआप न्यूट्रलमध्ये उडी मारतो का, ते पाहा.

आणि ज्या चाचणीने मला सर्वांत जास्त शिकवले ती अशी: पहिले दोन किलोमीटर विक्रेत्यालाच गाडी चालवू द्या आणि तुम्ही शेजारी बसून त्याचा डावा पाय आणि डावा हात पाहा. सिग्नलला गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबून उभी राहते का? चढावर तो ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर गाडी धरतो का? हात सतत गिअरच्या दांड्यावर रेलून असतो का? माणूस बोलताना सावध असतो, पाय मात्र रोजच्यासारखाच वागतो. मी जी गाडी घेतली तिचा मालक अतिशय सज्जन होता, त्याने सगळी बिले काढून दाखवली, आणि मी ती पाहत बसलो. त्याचा पाय मी पाहिला असता, तर ते चौदा हजार आधीच भावातून कमी करून घेता आले असते.

६. चाचणी आणि मेकॅनिक

शोरूमभोवतीची एक फेरी पुरेशी नाही. किमान पंधरा किलोमीटर चालवा आणि त्यात एक खरा चढ घ्या. पुण्यात कात्रजचा जुना घाट यासाठी उत्तम आहे, कारण तेथे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सतत ओढावे लागते, वळणांवर सस्पेन्शन बोलते आणि परतताना इंजिन ब्रेकिंग पाहता येते. चढून वर आल्यावर थांबा, काचा उघडा आणि जळका वास येतो का ते हुंगा. तापमानाचा काटा किंवा दिवा पाहा. खड्ड्यांत ठकठक येत असेल, तर लिंक रॉड, बुश किंवा शॉकअब्सॉर्बर यांपैकी काही झिजले आहे. पहिली दोन कामे स्वस्त आहेत आणि त्यांच्यासाठी गाडी नाकारू नये.

धुराबद्दल थोडक्यात सांगायचे तर निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते, आणि तापल्यावरही येणारा दाट पांढरा धूर म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आत जात असण्याचा संशय. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर तोच संशय बळावतो. डिझेलचे तेल काळे असतेच.

यानंतर तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकला पैसे देऊन गाडी लिफ्टवर दाखवा. विक्रेत्याने सुचवलेला मेकॅनिक नको. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेल्या सांध्यापाशी तेलाची ओल आहे का, हे त्याला मुद्दाम पाहायला सांगा. टायमिंग चेन आहे की बेल्ट, आणि बेल्ट असेल तर तो कधी बदलला, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

७. भाव

विक्रेता नेहमी स्वतः मोजलेल्या किमतीपासून सुरुवात करतो. तुम्ही आजच्या नव्या गाडीच्या किमतीपासून सुरुवात करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांचे भाव खाली आले. ज्याने २०२२ मध्ये जुन्या कराने गाडी घेतली, त्याच्या मनातील आकडा अजून तेथेच असतो. ब्रेझाच्या पेट्रोल इंजिनाची क्षमता १२०० सीसीच्या वर असल्याने ती या १८ टक्क्यांत बसत नाही, म्हणून दोन मॉडेलांची तुलना करताना हा फरक धरा.

विम्याची जुनी पॉलिसी येथे दोन प्रकारे कामाला येते. तिच्यावर ‘नो क्लेम बोनस’ किती आहे ते पाहा. तो ५० टक्के असेल, तर त्या मालकाने सलग काही वर्षे दावा केलेला नाही. चार-पाच वर्षे जुन्या गाडीवर तो शून्य असेल, तर दावा झाला आहे, पॉलिसी मध्ये खंडित झाली आहे किंवा मालक बदलला आहे. यांतले काय झाले ते स्पष्ट विचारा. हा बोनस गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही, तो विक्रेत्याचाच राहतो, आणि पॉलिसी नावावर करताना फरकाची रक्कम तुम्हाला भरावी लागते.

क्लच, टायर, बॅटरी आणि विमा या चार खर्चांची बेरीज कागदावर मांडून विक्रेत्यासमोर ठेवा. ‘काहीतरी कमी करा’ या विनंतीपेक्षा अशा कागदाने भाव लवकर उतरतो. कितीही घासाघीस झाली, तरी पहिल्या वर्षासाठी किमतीच्या सुमारे दहा टक्के रक्कम बाजूला ठेवा.

८. कागद आणि नाव बदलणे

पुढील कागद हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये:

- मूळ आरसी. तिच्यावरील चॅसी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः जुळवून पाहावेत.
- विक्रेत्याच्या सहीचे फॉर्म २९ (विक्रीची सूचना) दोन प्रतींत आणि दोघांच्या सह्यांचा फॉर्म ३० (नाव बदलण्याचा अर्ज).
- कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्यासाठी बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५.
- चालू विमा आणि पीयूसी.
- दोघांचे ओळखीचे व पत्त्याचे पुरावे आणि पॅन.
- परराज्यातील गाडी असल्यास फॉर्म २८ वर मिळालेले ना-हरकत प्रमाणपत्र.
- मूळ मालक हयात नसल्यास वारसाने आधी फॉर्म ३१ द्वारे गाडी स्वतःच्या नावावर केलेली असावी.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते. प्रत्यक्षात बरेच जण सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन महिनोन्‌महिने फिरतात, आणि तेवढ्यात गाडी आणखी एका हाती जाते. नाव बदलून द्यायला विक्रेता कंटाळा करत असेल, तर त्याला सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ मधील नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार हा निकाल सांगा: गाडी अनेकदा विकली गेली असली, तरी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार धरला गेला. हे ऐकल्यावर माझ्या विक्रेत्याने दुसऱ्याच दिवशी वेळ काढला.

अर्ज परिवहन सेवेच्या पोर्टलवर भरता येतो आणि त्यासाठी नोंदीतील मोबाइलवर ओटीपी जातो. येथे पुष्कळ कामे अडतात, कारण विक्रेत्याचा नोंदवलेला क्रमांक जुना, बंद पडलेला किंवा गाडी घेताना शोरूमच्या माणसाने घातलेला असतो. इसार देण्याआधी त्याच्याकडून तो क्रमांक चालू असल्याची खात्री करून घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का, तेही पाहा; नसेल तर आरटीओतील काम अडू शकते. बँकेच्या ना-हरकत पत्राला मुदत असते, म्हणून ते काढून घरात ठेवून देऊ नये.

डीलरकडून घेत असाल, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्याला नोंदणी प्राधिकाऱ्याचे अधिकृतता प्रमाणपत्र लागते, आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची सूचना मूळ मालकाने फॉर्म २९सी द्वारे दिलेली असावी लागते. ही दोन्ही मागून पाहा. मिळाली नाहीत, तर व्यवहार थेट मूळ मालकाशी करण्याचा आग्रह धरा.

पैसे बँकेमार्फत द्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणे आयकर कायद्याने निषिद्ध आहे आणि वादाच्या वेळी रोखीचा पुरावाही राहत नाही. मी पंचवीस हजार रुपये नाव बदलेपर्यंत राखून ठेवले होते आणि तसे करारात लिहिले होते. विक्रेत्याने आढेवेढे घेतले, पण मान्य केले.

९. ताबा घेताना आणि पहिल्या महिन्यात

ताबापत्रावर तारखेबरोबर वेळही लिहा. त्या मिनिटाच्या आधीचा दंड आणि अपघात विक्रेत्याचा, नंतरचा तुमचा. विमा कंपनीकडे १४ दिवसांत अर्ज करा. तिऱ्हाइताच्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर येते, मात्र पॉलिसी तुमच्या नावावर होईपर्यंत तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. पहिले दोन आठवडे लांबच्या प्रवासाला न गेलेले बरे.

इंजिन ऑइल आणि फिल्टर लगेच बदला. गिअरबॉक्सचे तेल बहुतेक मालकांनी कधीच बदललेले नसते. पुस्तकात दिलेल्या ग्रेडचे तेल घाला, कारण चुकीच्या ग्रेडने चांगला गिअरबॉक्ससुद्धा थंडीत अडतो. ब्रेक आणि क्लचचा द्रव त्याच दिवशी बदलून घ्या.

दुसरी चावी आठवणीने मागा आणि तिने दार व इंजिन दोन्ही सुरू करून पाहा. विक्रेत्याचा फास्टॅग त्याला बंद करायला सांगा. एका गाडीला एकच टॅग चालतो, आणि जुना चालू असेपर्यंत तुमच्या बँकेला नवा देता येत नाही. माझ्या बाबतीत तो बंद व्हायला नऊ दिवस लागले. तोवर खेड-शिवापूरच्या नाक्यावर मला प्रत्येक खेपेला दुप्पट टोल भरावा लागला.